डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा मेंदू आणि त्यांचं वागणं : ‘हट्टी’ म्हणायच्या आधी

मृण्मयी_ड

पालकत्वाच्या गप्पांमध्ये मागे कुणीतरी विचारलं होतं की डाउन सिंड्रोमची मुलं हट्टीच असतात का, तो त्या सिंड्रोमचाच भाग असतो का. खाली चार जणांनी ‘हो, असतातच’ असं लिहून विषय संपवून टाकला. मला ते फार लागलं, म्हणून नीट लिहायला घेतलंय. मी लहान मुलांच्या विकासाच्या संशोधनात काम करते, सध्या लंडनला असते आणि माझ्या मामेबहिणीच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, त्यामुळे विषयाशी दोन्हीकडून नातं आहे. जमेल तसं लिहिते, चुकलं तर डॉक्टर लोकांनी दुरुस्त करा.

मूळ कारण बऱ्याच जणांना माहीत असेल. आपल्या प्रत्येक पेशीत २१ नंबरच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, ह्या मुलांमध्ये तीन असतात. साधारण ९५ टक्के मुलांत अख्खं गुणसूत्र जास्तीचं असतं, थोड्यांमध्ये ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं (ट्रान्सलोकेशन) आणि अगदी थोड्यांमध्ये काही पेशींत तीन, काहींत दोन असा प्रकार असतो (मोझेक). लँग्डन डाउनने १८६६ मध्ये वर्णन लिहिलं, पण कारण कळायला १९५९ उजाडलं. पॅरिसमध्ये लेज्यून, तुर्पँ आणि मार्त गोतिए यांनी ते शोधलं. त्यातलं पेशी वाढवून बघायचं किचकट काम गोतिए बाईंनी केलं होतं आणि श्रेय बराच काळ लेज्यूनला मिळालं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

२१ नंबरचं गुणसूत्र सगळ्यात छोटं आहे, प्रथिनं बनवणारी जीन्स त्यावर दोनशेच्या थोडी वर. पण त्या जीन्सचा डोस साधारण दीडपट होतो आणि त्यात मेंदूच्या बांधणीशी थेट संबंध असलेली जीन्स आहेत, उदाहरणार्थ डीवायआरके१ए. ती काम करतात, फक्त जास्त करतात, आणि मेंदू बनताना प्रत्येक गोष्टीचं प्रमाण आणि वेळ जुळावी लागते म्हणून तिथे परिणाम दिसतो.

आता मेंदू. एमआरआयमध्ये सरासरी बघितली तर एकूण आकार लहान असतो, पण सगळे भाग सारखे लहान नसतात आणि हेच महत्त्वाचं आहे. सेरेबेलम म्हणजे मागचा छोटा मेंदू (तोल, हालचालींचा मेळ, बोलण्याची लय), हिप्पोकॅम्पस (नवीन गोष्ट लक्षात ठेवणं) आणि पुढचा भाग (ठरवणं, थांबणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं) हे प्रमाणाबाहेर लहान दिसतात. उलट पराइटल भाग (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा), बेसल गँग्लिया (मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजके) हे त्या मानाने बरेच टिकून असतात. म्हणजे ‘सगळंच कमी’ असं चित्र नाहीये, उंचसखल चित्र आहे. आणि ही सरासरी झाली, दोन मुलांमध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

हे सुरू कधी होतं? गर्भातच. इथे किंग्ज कॉलेजमधल्या गटाने पोटातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे एमआरआय केले, २०२० मध्ये छापून आलं, त्यात सेरेबेलम आणि कॉर्टेक्सची (मेंदूचा बाहेरचा थर) वाढ जन्माआधीच मागे पडायला लागलेली दिसली. पण माझ्या डोक्यातून न जाणारा अभ्यास जुना आहे, १९८६ चा, बेकर आणि सहकाऱ्यांचा. मज्जापेशींना ज्या फांद्या फुटतात (डेंड्राइट) त्या त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या, दगावलेल्या मुलांच्या मेंदूत मोजल्या. अगदी लहान बाळांमध्ये त्या कमी नव्हत्या, उलट थोड्या जास्तच होत्या आणि दोन वर्षांच्या पुढच्या मुलांमध्ये मात्र कमी भरल्या. म्हणजे मधल्या काळात काहीतरी घडतं. ते नेमकं काय आणि त्यातलं किती आपण बदलू शकतो, ह्यावर आज पुष्कळ काम चाललंय. अमेरिकेत इन्फंट ब्रेन इमेजिंग स्टडी नावाचा अनेक विद्यापीठांचा गट आहे, मुळात ऑटिझमसाठी सुरू झालेला, ते आता डाउनच्या बाळांचे पण ६, १२ आणि २४ महिन्यांना स्कॅन करतात, गुंगीचं औषध न देता. बाळाला रात्री दूध पाजून, कानांना आवाज लागू नये म्हणून बंदोबस्त करून, गाढ झोपलं की मशीनमध्ये ठेवतात. उठलं तर परत दुसऱ्या दिवशी.

आणि आता वागणं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. एडिनबरामध्ये जेनिफर विशार्ट यांनी वर्षानुवर्षं एक काम केलं, लहान मुलांना वस्तू लपवून शोधायला द्यायची. त्यांना दिसलं की डाउनची मुलं एखादी गोष्ट एकदा करून दाखवतात आणि पुढच्या वेळी करत नाहीत. विसरलेली नसतात, तर काम अवघड वाटलं की निसटतात. कधी नकार देऊन, आणि कधी हसून, टाळ्या वाजवून, समोरच्याला मिठी मारून. समोरचा विरघळतो आणि काम राहून जातं. कोलोराडोच्या डेबोरा फिडलर ह्यांनी पुढे मांडलं की ह्या मुलांना लहानपणी ‘हे मिळवायला आधी ते करावं लागेल’ असं पायऱ्यापायऱ्यांनी विचार करणं जड जातं आणि माणसं वाचणं सोपं जातं, मग मूल जे सोपं आहे त्याच्या जिवावर अवघडातून मार्ग काढतं. ह्याला आपण हट्ट किंवा लबाडी म्हणतो. मला ती मुलाने स्वतः शोधलेली वाट वाटते, फक्त ती शिकण्यापासून लांब नेते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. झोप, कान, डोळे, थायरॉइड. ह्या चारांपैकी एक जरी बिघडलेलं असलं तरी जे वागणं दिसतं ते सिंड्रोमच्या नावावर खपून जातं. ह्यावर कुणी डॉक्टर लिहितील तर फार बरं होईल.

---

उन्हाळपाऊस

वाचनखूण साठवली. अशा विषयावर मराठीत इतकं सविस्तर क्वचित वाचायला मिळतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

अण्णा सातारकर

मृण्मयी, फार चांगलं लिहिलंस पोरी. माझा नातू पाच वर्षांचा आहे, डाउन आहे. त्याला सगळं समजतं, चप्पल आण म्हटलं की आणतो, माझा चष्मा कुठे राहिला ते त्याला माझ्याआधी कळतं, देवापुढे दिवा लागला की हात जोडून उभा राहतो, पण बोलतो फार थोडं, आजोबा म्हणायचं तर ‘आबा’, बाकी खुणा. मुलगा सून हैदराबादला असतात. तिथे त्यांना कुणी सांगितलं की ह्याला एकच भाषा ठेवा, इंग्रजी, कारण शाळा इंग्रजी आहे, मराठी बंद करा. तेव्हापासून सून त्याच्याशी इंग्रजीतच बोलते आणि आम्ही फोनवर बोललो की ती मध्येच थांबवते, तिचाही नाइलाज आहे, तिला वाटतं मुलाचं नुकसान होईल. आजी तर फोनवर गप्पच बसते आता. खरंच दोन भाषांनी नुकसान होतं का, एवढं सांग.

---

स्वराली

अण्णा, मी स्पीच थेरपिस्ट आहे, नाशिकला. मृण्मयीच्या आधी मीच उत्तर देते कारण हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो.

नाही, दोन भाषांनी नुकसान होत नाही. ह्यावर कॅनडात काम झालंय, एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकारी, २००५. त्यांनी डाउनची दोन भाषा ऐकत वाढणारी मुलं आणि फक्त इंग्रजी ऐकणारी डाउनची मुलं अशी तुलना केली, समज साधारण सारखी असलेली. दोन भाषावाली मुलं इंग्रजीत मागे नव्हती, वर दुसरी भाषा त्यांना येत होती ती वेगळीच. त्यामुळे आजींना सांगा, बोला, गाणी म्हणा, ओव्या म्हणा, रागवायचं तर मराठीत रागवा. मूल माणसांवर जीव लावून बोलायला शिकतं आणि ज्या भाषेत आजीचा जीव आहे ती बंद करून त्याचा काय फायदा व्हायचाय.

आता समजतं पण बोलत नाही ह्याबद्दल. हे डाउनमध्ये अगदी नेहमी दिसतं, समज पुढे आणि बोलणं बरंच मागे. कारणं एकावर एक असतात. स्नायू ढिले असल्यामुळे जीभ आणि ओठ नेमके हलवणं अवघड, मधल्या कानात चिकट पाणी साठल्यामुळे ऐकू येतं ते पुसट (आणि ते आज ठीक, पुढच्या महिन्यात परत बंद, असं होत राहतं), आणि तिसरं म्हणजे कानाने ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायची ताकद कमी. तीन सूचना एका दमात दिल्या तर पहिली किंवा शेवटचीच उरते. ह्याउलट डोळ्यांनी बघितलेलं त्या मानाने चांगलं टिकतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मला हे दिसतं की नावं येतात, ‘पाणी’ ‘गाडी’ ‘भूभू’, पण मराठीतले शेवटाला लागणारे ‘ला’ ‘ने’ ‘मधे’ गळतात, कारण ते हळू आवाजात, घाईत, शब्दाच्या शेपटाला येतात. इंग्रजी बोलणाऱ्या डाउनच्या मुलांमध्येही असे छोटे व्याकरणाचे तुकडे गळतात असं अभ्यासांमध्ये आहे.

म्हणून दाखवत शिकवा. खुणा वापरतो म्हणून काळजी करू नका अण्णा, खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट सांगता आलं नाही म्हणून होणारी चिडचिड कमी होते. आणि वाचायला शिकवा. आत्ता, पाचव्या वर्षी. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला सू बकली ह्यांनी १९८० च्या सुमारास हे काम सुरू केलं, एका वडलांनी आपल्या मुलीला लहानपणीच वाचायला कसं शिकवलं ते त्यांना पत्र लिहून कळवलं होतं, तिथून. बऱ्याच डाउनच्या मुलांना अख्खा शब्द चित्रासारखा ओळखता येतो, आणि वाचलेला शब्द मग तोंडातून यायला लागतो. घरातल्या माणसांचे फोटो, खाली मोठ्या अक्षरात नाव. ‘आजी’ पासून सुरुवात करा.

---

अण्णा सातारकर

स्वरालीताई, सुनेला जसंच्या तसं पाठवलं. आजीलाही वाचून दाखवलं.

---

पराग_ठाणे

माझा मुलगा आठ वर्षांचा. नॉर्मल शाळेत दुसरीत आहे, शाळा चांगली आहे म्हणजे निदान प्रयत्न करतात. पण ह्या वर्षी तक्रारी खूप वाढल्यात. वर्गातून पळतो, मैदानातून आत यायची वेळ झाली की जमिनीवर बसून घेतो आणि मग चार माणसांनी उचललं तरी उठत नाही, गणिताच्या तासाला बेंचखाली जातो. टीचर म्हणतात मुद्दाम करतो, कारण हसतो. घरीही संध्याकाळी अगदी छोट्या गोष्टीवरून वस्तू फेकतो. आधी असा नव्हता. मी आणि बायको दोघं नोकरी करतो, आता एकाने सोडावी का इथपर्यंत विचार आलाय. हे वय वाढेल तसं वाढत जाणार का? कुणी औषध सांगतंय, कुणी म्हणतंय स्पेशल स्कूलला टाका.

---

मृण्मयी_ड

पराग, आधी हे सांगते की जमिनीवर बसून घेणं आणि पळणं ह्या दोन्ही गोष्टी डाउनच्या मुलांच्या पालकांकडून जगभर ऐकायला मिळतात, तुमचा मुलगा वेगळं काही करत नाहीये आणि तुम्ही कुठे कमी पडलात असंही नाही.

त्याच्या जागेवरून बघू. मैदानातून आत यायचं म्हणजे चालू असलेली मजेची गोष्ट सोडून दुसरी सुरू करायची. हे वळणं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आहे आणि तेच ह्या मुलांना सगळ्यात जड जातं. ‘चला आत’ हे ओरडून सांगितलेलं कानाने धरून ठेवणं अवघड, त्यात नको म्हणायला शब्द पटकन सापडत नाहीत, मग शरीराने नको म्हणतो. बसून घेतलं की वजन पडतं आणि सगळे थांबतात. उपाय त्याच वाटेने शोधायचा, म्हणजे बघायला द्यायचं. दिवसाचा क्रम चित्रांत, घंटेच्या पाच मिनिटं आधी त्याच्या हातात ‘आत जायचं’ असं कार्ड, आणि आत गेल्यावर करायला एक त्याचं काम (वह्या वाटणं, फळा पुसणं), जेणेकरून तो कुठून तरी निघत नसून कुठेतरी जात असेल.

गणिताला बेंचखाली जातो हे मला विशार्ट ह्यांच्या कामाची थेट आठवण करून देतं. तो हसतो म्हणून मुद्दाम करतो असं नाही, हसणं ही त्याची अडचणीतून निघायची रीत आहे. टीचरना विनंती करा की काम इतकं छोटं तोडा की पहिल्या फटक्यात बरोबर येईल, बरोबर उत्तराकडे आधी हात धरून न्या आणि मग मदत हळूहळू काढा. ह्या मुलांच्या शिकवण्यात चुकत चुकत शिकण्यापेक्षा चुकू न देता शिकवणं जास्त टिकतं, कारण चुकलं की पुढचा प्रयत्नच बंद होतो. बाईंनी हसून किंवा रागावून फार दाद देऊ नये, शांतपणे काम परत समोर ठेवावं.

पण ‘आधी असा नव्हता’ आणि ‘संध्याकाळी छोट्या गोष्टीवरून’ ही दोन वाक्यं वाचून मी थांबले. शाळा बदलायचा किंवा औषधाचा विचार करायच्या आधी एक विचारते, रात्री कसा झोपतो?

---

पराग_ठाणे

झोपतो लगेच. घोरतो, पण आमच्या घरात सगळेच घोरतात. कधी कधी बसून, पुढे पायांवर डोकं टेकवून झोपलेला सापडतो, आम्ही त्याचे फोटो काढलेत, सगळ्यांना गोड वाटायचं. सकाळी उठवणं म्हणजे युद्ध.

---

डॉ_निशिगंधा

पराग, मी बालरोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या मुलाची झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, लवकरात लवकर करून घ्या. बसून पुढे वाकून झोपणं किंवा मान मागे टाकून झोपणं हे श्वासाची वाट मोकळी करायला शरीर आपोआप करतं. डाउनमध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान, स्नायू ढिले, टॉन्सिल ॲडेनॉइडला जागा कमी, त्यामुळे झोपेत श्वास अडकणं (स्लीप ॲप्निया) निम्म्याहून जास्त मुलांत सापडतं. अमेरिकेच्या बालरोग संघटनेची सूचना आहे की डाउनच्या प्रत्येक मुलाची चार वर्षांच्या आत एकदा स्लीप स्टडी व्हावी, घोरत असो वा नसो, कारण आईवडलांना जे दिसतं आणि तपासणीत जे निघतं त्याचा मेळ बसत नाही.

मोठ्या माणसाची झोप झाली नाही की तो पेंगतो. मूल पेंगत नाही, ते सैरभैर होतं, पळतं, फेकतं, रडतं, लक्ष लागत नाही. आणि परिणाम फक्त वागण्यावर नाही. ॲरिझोनामध्ये जेमी एजिन आणि त्यांच्या गटाने २०१४ मध्ये ३८ मुलांचा अभ्यास छापला, डाउन असलेल्याच मुलांची आपसात तुलना. ज्यांना ॲप्निया होता त्यांचा भाषेशी संबंधित बुद्ध्यांक ॲप्निया नसलेल्यांपेक्षा सरासरी ९ अंकांनी कमी होता. अभ्यास छोटा आहे, कारण-परिणाम त्यातून पक्का सिद्ध होत नाही, पण शिकलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेत करतो आणि हिप्पोकॅम्पस आधीच नाजूक आहे, हे लक्षात घेतलं तर दुर्लक्ष करावं असा आकडा नाही. टॉन्सिल ॲडेनॉइड काढून बऱ्याच मुलांना फरक पडतो, सगळ्यांचं पूर्ण बरं होत नाही, म्हणून ऑपरेशननंतर परत स्टडी करायची.

मृण्मयीने विचारलेलं बाकीचं एकत्र लिहिते.

थायरॉइड : जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दर वर्षी. ‘मागच्या वेळी नॉर्मल होता’ ह्याला अर्थ नाही, नंतर बिघडतो. सुस्ती, बद्धकोष्ठ, वजन, मंदावणं, हे सगळं ‘डाउन आहे म्हणून’ समजलं जातं.

डोळे : हे पालकांना फार कमी सांगितलं जातं. कार्डिफला मॅगी वुडहाउस ह्यांच्या कामातून कळलं की डाउनच्या साधारण तीन चतुर्थांश मुलांना जवळचं नीट फोकस होत नाही, लांबचा चष्मा असला तरी. म्हणजे वही धूसर. बायफोकल चष्म्याने खूप मुलांना फायदा होतो. बेंचखाली जाणाऱ्या मुलाला वही दिसते का हे आधी बघा.

मान : वागण्यात किंवा चालण्यात अचानक बदल, चाल अडखळणं, हातातली ताकद कमी होणं, कपड्यात शी-शू परत सुरू होणं, मान वाकडी धरणं, ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधली ढिलाई मज्जारज्जूवर दाब देऊ शकते.

आणि बाळांच्या आयांसाठी : पहिल्या वर्षात बाळ एकामागोमाग एक असे पुढे वाकून दचकल्यासारखे झटके देत असेल, विशेषतः झोपेतून उठल्यावर, आणि त्याच काळात हसणं, बघणं कमी झालं असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून लगेच दाखवा. ही पोटदुखी नसते, फिट्सचा एक प्रकार असतो, डाउनमध्ये जास्त आढळतो आणि उपचार लवकर झाले तर मेंदूच्या वाढीला फार फरक पडतो.

---

विश्वास नाईक, मडगाव

डॉक्टर, मनापासून आभार. माझा भाचा चार वर्षांचा. त्याला गेली दोन वर्षं मेंदूचं टॉनिक म्हणून पिरासिटॅमचं सिरप चालू आहे. शिवाय एका ठिकाणी स्टेम सेलबद्दल सांगितलंय, काही लाखांचा खर्च आहे आणि बहीण दागिने मोडायच्या विचारात आहे. व्हॉट्सॲपवर पण आलंय की जपानच्या शास्त्रज्ञांनी जास्तीचं गुणसूत्र कापून काढलं. ह्यात खरं काय?

---

मृण्मयी_ड

नाईककाका, बहिणीला आधी थांबवा. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे काही ठरावीक, मुख्यतः रक्ताचे आजार सोडले तर स्टेम सेल उपचार म्हणून विकायला परवानगी नाही. बाकी सगळं फक्त मंजुरी असलेल्या चाचण्यांमध्ये, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जो लाख मागतोय तो चाचणी करत नाहीये.

पिरासिटॅमची डाउनच्या मुलांवर रीतसर चाचणी झालेली आहे, कॅनडात, २००१ मध्ये छापून आली. १८ मुलांनी ती पूर्ण केली. बुद्धीत काही फायदा दिसला नाही, उलट काही मुलांत चिडचिड, आक्रमकपणा, झोप बिघडणं दिसलं. म्हणून भाच्याच्या वागण्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना हे विचारा, स्वतःहून बंद करू नका. ब्रिटनमध्ये अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक ॲसिडची १५६ बाळांवर मोठी चाचणी झाली, २००८, त्यातही काही फरक पडला नाही.

जपानचं खरं आहे पण अर्धं. मिए विद्यापीठाच्या गटाने २०२५ मध्ये क्रिस्पर नावाच्या जीन्स कापायच्या तंत्राने जास्तीचं गुणसूत्र काढलं, ते प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये. त्याआधी २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सला जीन लॉरेन्स ह्या शास्त्रज्ञ बाईंनी ते गुणसूत्र पेशीतल्या पेशीत गप्प करून दाखवलं होतं. दोन्ही कामं सुंदर आहेत, आणि दोन्ही चार वर्षांच्या मुलाच्या मेंदूपासून फार लांब आहेत, कारण तो मेंदू अब्जावधी पेशींचा, आणि त्याची बरीचशी बांधणी होऊन गेलेली.

औषधांचा इतिहास सांगते म्हणजे अंदाज येईल. टीएस६५डीएन नावाचा एक उंदीर आहे, डाउनच्या अभ्यासासाठी सगळ्यात जास्त वापरला गेलेला. त्यात दिसलं की मेंदूत ‘थांब’ सांगणारे संदेश जास्त होतात, आणि ते थोडे कमी केले की उंदीर बरं शिकतो, स्टॅनफर्डचं २००७ चं काम. त्यावरून रोश ह्या औषध कंपनीने बेसमिसनिल नावाचं औषध माणसांत तपासलं आणि २०१६ मध्ये फायदा नाही म्हणून थांबवलं. उंदरात जमलेलं माणसात जमलं नाही, शिवाय त्या उंदरात २१ शी संबंध नसलेली काही जीन्सही जास्तीची आहेत. बार्सिलोनाला मारा दियेर्सेन आणि राफाएल दे ला तोरे ह्यांनी ग्रीन टीमधल्या ईजीसीजी नावाच्या घटकावर काम केलं, १६ ते ३४ वयाच्या लोकांत शिकवणीसोबत दिल्यावर काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण नंतर ६ ते १२ वर्षांच्या मुलांत बुद्धीच्या चाचण्यांत ठळक फरक मिळाला नाही. ग्रीन टीच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका, लिव्हरला त्रास होऊ शकतो.

ह्याउलट एक साधी गोष्ट ऐका. मिशिगनचे डेल उलरिक ह्यांनी डाउनच्या बाळांना छोट्या ट्रेडमिलवर, आईवडलांनी काखेत धरून, रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस चालवलं. ही बाळं बाकीच्यांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी आधाराशिवाय चालली. २००१ चं काम आहे. मूल चालायला लागलं की वस्तूंपर्यंत पोचतं, माणसांपर्यंत पोचतं, बघतं जास्त, ऐकतं जास्त, मेंदूला काम मिळतं. काकांच्या बहिणीने दागिने ठेवावेत आणि तो पैसा फिजिओ, स्पीच, कान, डोळे ह्यांना लावावा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये (लहान मुलांना लवकर मदत देणारं सरकारी केंद्र) ह्यातलं बरंच मोफत मिळतं.

---

केतकीची_आई

सगळे म्हणतात डाउनची मुलं गोड, मिठ्या मारणारी, नेहमी हसरी. माझी केतकी तशी नाही. सहा वर्षांची आहे, नावाने हाक मारली तर बघत नाही, हात सतत डोळ्यांसमोर हलवते, माणसं आली की कोपऱ्यात जाते, दोन वर्षांपूर्वी येत होते ते शब्दही गेले. मी बोलले की सांगतात डाउन आहे ना, असंच असतं. पालकांच्या ग्रुपमध्ये पण आम्ही वेगळे पडतो. मी आजवर हे कुठे लिहिलं नव्हतं.

---

मृण्मयी_ड

ताई, बरं झालं लिहिलंत. डाउन आणि ऑटिझम दोन्ही एकत्र असू शकतात, डाउनच्या मुलांच्या अभ्यासांमध्ये साधारण १६ ते १८ टक्के असं प्रमाण येतं, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. ते उशिरा ओळखलं जातं त्याचं एक मोठं कारण हेच ‘नेहमी हसरी’वालं चित्र आहे. गेलेले शब्द, नावाला प्रतिसाद नाही, हे डाउनच्या खात्यात टाकायचं नाही. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) दाखवा, मुंबईत उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे, तिथे असं मूल्यमापन होतं. आधी ऐकू येणं आणि फिट्स तपासलेल्या असू द्या. वेगळं निदान झालं की शिकवायची पद्धत बदलते, आणि ते तिला मिळायलाच हवं.

ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ म्हणून इथे लंडनला मोठ्या शास्त्रज्ञ होऊन गेल्या, शेवटच्या वर्षांत त्यांनी डाउनच्या बाळांवर काम केलं. त्यांचं म्हणणं होतं की एकाच सिंड्रोमच्या मुलांमधला आपसातला फरक हाच खरा अभ्यासाचा विषय आहे. केतकी त्या चित्रात बसत नसेल तर चित्र अपुरं आहे.

---

उन्हाळपाऊस

केतकीची आई, तुम्ही पुण्यात असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा. माझ्या बहिणीच्या मुलाचं असंच दुहेरी निदान आहे, ती बोलेल तुमच्याशी.

---

डॉ_निशिगंधा

केतकीच्या वयाला लागू नाही, पण इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल किशोरवयात असेल तर : १५-२० च्या आसपास, चांगलं चाललेलं मूल काही आठवड्यांत बोलणं बंद करतं, जेवत नाही, एका जागी थिजतं, आपल्याशीच पुटपुटतं, असं काही तरुणांमध्ये दिसतं. रिग्रेशन म्हणतात. हा अल्झायमर नाही (तो धोका डाउनमध्ये नक्की आहे, कारण एपीपी हे जीन २१ वरच आहे, पण तो चाळिशीच्या पुढचा विषय). काही रुग्णांत प्रतिकारशक्तीशी संबंध सापडतोय आणि त्या दिशेच्या उपचारांनी फरक पडल्याचं छापून आलंय. ‘मोठा झाला, हट्टी झाला’ म्हणून घरी थांबू नका, न्यूरोलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना दाखवा.

---

पराग_ठाणे

स्लीप स्टडीची तारीख मिळाली, पुढच्या आठवड्यात आहे. डोळ्यांचीही घेतली. दोन प्रश्न. रात्रभर डोक्याला वायरी लावू देईल का हा? आणि कानाची बेरा टेस्ट जन्मानंतर झाली होती, नॉर्मल होती, परत करायची का?

---

डॉ_निशिगंधा

वायरींसाठी आतापासून घरी सराव करा. रोज झोपताना कपाळाला, छातीला चिकटपट्टीचे तुकडे लावा, आधी बाबाला, मग त्याला. नाकाखाली पातळ नळी येते, तिच्यासाठी मऊ दोरा लावून बघा. हॉस्पिटलमध्ये त्याचीच उशी, त्याचंच पांघरूण न्या आणि तुमच्यापैकी एकाने शेजारी झोपायचं हे आधीच विचारून ठेवा. पहिल्या रात्री अर्धंच रेकॉर्डिंग झालं तरी त्यातून काही कळतं, घाबरू नका.

---

स्वराली

हो, परत करायची. जन्मानंतरची बेरा त्या वेळचं ऐकणं सांगते, चिकट पाणी नंतर कधीही साठू शकतं. आता आठ वर्षांचा आहे म्हणजे बेराने सुरुवात करायची गरज नाही, टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का हे दोन मिनिटांत कळतं, दुखत नाही) आणि आवाज आला की ठोकळा टाकायचा ह्या पद्धतीची ऑडिओमेट्री सांगा. ठोकळ्याचा खेळ घरी आधी शिकवून न्या, नाहीतर तिथे नवीन वाटून तो करणार नाही आणि रिपोर्टवर ‘सहकार्य नाही’ एवढंच येईल. ठाण्याहून जवळ म्हणजे वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, तिथे होतं हे. सर्दी असताना नेऊ नका, किंवा सर्दीत केली तर बरी झाल्यावर एकदा परत करा, आणि रिझल्ट काहीही आला तरी शाळेत त्याला पुढच्या बाकावर, बाईंचं तोंड दिसेल असं बसवायला आजच सांगा.